गड्याची पाठ

आतल्या खोलीत फळी पडल्याचा आवाज झाला. टक्, आणि त्यामागे काहीतरी घरंगळत गेल्यासारखी बारीक घरघर. भरदुपारची वेळ होती, भिंगरी झोपली होती, आणि माझ्या लेकीच्या झोपेतून काढून घेतलेल्या त्या तासाभरात मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी काहीही न करता बसले होते. घरात लहान मूल असलं की काही न करणंसुद्धा चोरून करावं लागतं. कुणी पाहिलं तर हिला वेळ आहे असा त्याचा समज होतो. मी मान वळवून पाहिलं. भाजी चिरायची फळी तिच्या खिळ्यावर होती, जराही हललेली नव्हती. मग पुन्हा तोच आवाज आला, आणि माझ्या लक्षात आलं की पडली ती हीच फळी, पण आत्ताची नव्हे. ती पडली होती भिंगरीचा जन्म व्हायच्याही आधी, आमच्या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या ऑफिसच्या लांबलचक पॅसेजमध्ये, भोंग्याच्या हातून. आवाजाचं काम करणाऱ्या त्या सहकाऱ्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो इतकं हळू बोलायचा की त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागे. त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, घरातून लाकडाचं जे मिळेल ते आणा. कुणी पाट्या आणल्या, कुणी कपाटाचं दार, कुणी मोडक्या खुर्चीचा पाय. पण स्केटबोर्ड उडी मारून परत जमिनीला टेकतो तेव्हाचा आवाज आला तो माझ्या फळीतून, कडेवर जरा तिरकी सोडली तर. भोंगा दुपारभर ती सोडत राहिला. शेवटी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले आणि म्हणाले, की माझा पेशंट प्रत्येक आवाजाला तोंड मिटतोय. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. तो आवाज मग खेळात गेला, खेळ हातात मावणाऱ्या यंत्रांत गेला, आणि कुठल्या कुठल्या घरांत, बसच्या मागच्या सीटवर, दवाखान्यांच्या बाकड्यांवर माझ्या स्वयंपाकघरातली फळी पडत राहिली. मी इकडे तिच्यावर कांदा चिरत होते.

खोलीत गेले तर भिंगरी पलंगावर पालथी, कोपर रोवून, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. खेळाचा तो जुना कन्सोल दोन्ही हातांत धरलेला. उशीची घडी गालावर उमटलेली होती, म्हणजे झोप झाली होती, निदान अर्धी.

"हे कुणी दिलं तुला?"

"भिंतीला लावलं होतं ना. ते झालं."

"काय झालं?"

"सकाळी लाल होतं, आता हिरवं झालं," ती नजर न हलवता म्हणाली. "उलटं पिकलं."

ते भिंतीला मीच चार्जिंगला लावलं होतं. कपाटाच्या वरच्या खणात, हिवाळी कपड्यांच्या खाली, ते इतकी वर्षं पडून होतं आणि काल संध्याकाळपर्यंत मला त्याची आठवणही आली नव्हती, असं मी स्वतःला सांगत होते. काल मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे आमच्या टीमचे प्रमुख. आधी कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायचे, ते सोडून इकडे आले, पण आवाज शाळेतच राहिला. अजून 'पेन्सिली खाली ठेवा' म्हणतील असं वाटतं. एवढ्या वर्षांनी फोन करून माणूस कसं काय विचारतो, घरचे बरे आहेत का म्हणतो. मास्तर म्हणाले, "गडी परत येतोय."

गडी म्हणजे आमच्या खेळातला पोरगा. खेळाच्या डब्यावर त्याचं काहीतरी झगमगीत नाव होतं, ऑफिसात मात्र तो गडीच. गडी टोपी घालतो, गडी चाकांच्या फळीवर उभा राहून उतारावरून सुटतो, कठड्यांवरून घसरतो, हवेत गिरकी घेतो आणि खाली येतो. गडी मी काढला होता. त्याची प्रत्येक हालचाल, एकेका चौकटीत, एकेक ठिपका करून.

"नव्या यंत्रावर येतोय," मास्तर सांगत होते. "पडदा मोठा. आता तो अंगठ्याच्या नखाएवढा नाही राहणार, वीतभर होईल."

"छान की."

"छान आहे. पण वीतभर झाला की सगळं दिसतं गं. पाठ दिसते."

बाहेर भिंगरी पाण्याच्या बाटलीशी भांडत होती, तिचं झाकण तिला उघडत नव्हतं.

"ज्यांनी खेळ घेतलाय त्यांच्याकडे खरोखर ह्या फळ्या चालवणारी माणसं आहेत. ती म्हणतात, असं कुणी उभंच राहत नाही. भार टाचांवर, कंबर आत, पोट पुढे. असा उतरला तर पहिल्याच उतारावर आडवा व्हायला हवा."

"मग करा ना सरळ."

"तू करावीस असं मला वाटतं. ह्या आठवड्यात. नसेल जमत तर त्यांचा एक हुशार पोरगा आहे, तो करेल. त्याला काय, एका दुपारचं काम."

मी म्हटलं, बघते. 'बघते' हा शब्द फार सोयीचा आहे, त्यात होही बसतं आणि नाहीही. फोन ठेवल्यावर मी स्टूल घेऊन कपाटाचा वरचा खण उघडला.

आता भिंगरीच्या शेजारी पलंगावर टेकले आणि तिच्या डोक्यावरून पाहू लागले. छोटासा पडदा, त्यात एक राखाडी रस्ता, दोन्ही बाजूंना जिने, पायऱ्या, पाण्याविना पोहण्याचा तलाव, आणि मधोमध गडी. चेहरा म्हणजे दोन ठिपके. एवढ्याशा जागेत चेहऱ्याला काही बोलता येत नाही, म्हणून माणूस पाठीतून बोलवावा लागतो. हे मला मास्तरांनीच शिकवलं होतं. पाठीचा एक ठिपका इकडे सरकवला की माणूस घाबरतो, तिकडे सरकवला की माजतो. त्यासाठी माझ्या टेबलाशेजारी उभा आरसा असायचा, दारापेक्षा उंच, आणि त्याच्यासमोर एक खरा स्केटबोर्ड. मी त्यावर उभी राहायची, गुडघे वाकवायची, हात पसरायची, आरशात पाहायची, टेबलाशी जाऊन एक चौकट काढायची, पुन्हा येऊन उभी राहायची. आमच्या कामात सगळे हे करतात. पहिल्यांदा ऑफिसात आलेला माणूस बघून हैराण होतो; चांगली मोठी माणसं आरशापुढे तोंडं वेडावत, एका पायावर उभी. तर मीही उभी राहायची. मला दिवस गेलेत असं मास्तरांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या स्केटबोर्डची चाकं काढलेली होती. जमिनीवर नुसती फळी. "आता पडशील तर स्वतःच्या मनाने," भोंगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला.

ही भिंगरीच्या वेळची गोष्ट नव्हे. तिच्या आधीची.

त्या महिन्यांत मी कधी नव्हे इतकं भराभर काम केलं. मला भूक लागायची आणि मी काढायची, झोप यायची आणि मी काढायची. अंगात दुसरं कुणीतरी मुक्कामाला आलं की आपलं वजन आपलं राहत नाही, ते रोज थोडं हलतं, जसं घरातलं सामान कुणीतरी न सांगता सरकवावं. जिना उतरताना पाय आपोआप फाकायचे. दारातून जाताना मी दाराला अजून लागायची नाही तरी अंग चोरायची. उभं राहिलं की टाचा जमिनीत रुतायच्या आणि पाठ मागे, धनुष्यासारखी. ह्यातलं मला काहीही माहीत नव्हतं. म्हणजे अंगाला माहीत होतं, मला नव्हतं. मी आरशात पाहत होते आणि गडी काढत होते, आणि आरशातली पाठ आणि गड्याची पाठ बरोबर जुळत होती. एकदा मास्तर मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ राहिले, आणि म्हणाले, "ह्याची पाठ अशी का?" मी म्हटलं, "कशी? ताडून बघा ना," आणि फळीवर उभी राहून दाखवली. त्यांनी आरशात पाहिलं, पडद्यावर पाहिलं. "ताडून बरोबर आहे," म्हणाले, आणि गेले. काही काम आठवल्यासारखे घाईने गेले, एवढं मला आठवतं.

सहाव्या महिन्यात ते थांबलं. का ते कुणाला सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाई माझ्या पायांपाशी उभ्या राहून म्हणाल्या, कधी कधी असं होतं, आणि मी मान हलवली, जसं काही त्यांना धीर द्यायचा होता. मुलगा होता की मुलगी, विचारू का असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. नंतर विचारावंसं वाटलं तेव्हा विचारायची वेळ गेली होती. मी ऑफिसात परत गेले तोवर खेळ पूर्ण होऊन रवानाही झाला होता. माझ्या टेबलाशेजारचा आरसा कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता, त्याची मागची बाजू बाहेर, कच्चं लाकूड आणि खिळे. कुणी ठेवला ते कुणी सांगितलं नाही. भोंग्याने त्या दिवशी मला चहा आणून दिला आणि काहीतरी बोलला, पण मी कान पुढे केला नाही, म्हणून ते काय होतं ते मला आजही माहीत नाही.

खेळ चालला. गडी लोकांना आवडला. आणि मला भिंगरीच्या वेळी, सक्तीने पडून राहण्याच्या त्या लांब महिन्यांत, लोकांनी लिहिलेलं वाचायची सवय लागली. कुणीतरी लिहिलं होतं, ह्या पोराला वजन आहे. कुणी लिहिलं होतं, बाकी खेळांतली पोरं कागदाची वाटतात, हा उतारावरून असा येतो की जणू भरलं भांडं घेऊन निघालाय आणि सांडू द्यायचं नाहीये. ते वाचलं त्या दिवशी पहिल्यांदा मला दिसलं. मी पडल्या पडल्या पोटावर हात ठेवून ते वाक्य पुन्हा वाचलं. त्या महिन्यांतला माझा एकही फोटो नाही. आम्ही शहाणपणाने काढला नव्हता, नंतर काढू म्हणून. कपडे मी देऊन टाकले होते. कागद दवाखान्यातच राहिले. आणि हे मात्र, एका टोपीवाल्या पोराच्या पाठीचा बाक, मी न ठरवता, न कळता ठेवून दिलेला, कोण कुठल्या लोकांच्या खिशांतून फिरत होता. मी रडले नाही. रडण्यासारखं ते नव्हतंच. मग मी तो कन्सोल वर ठेवून दिला.

"पडला," भिंगरी म्हणाली.

गडी कठड्यावरून सुटून खाली आपटला होता. तिचं बोट अजून छोटं, बटणावर वेळेत पोचत नव्हतं. ती पुन्हा निघाली, पुन्हा पडली. टक्, घरघर, धप्. काही आवडलं की कसं मुलांना ते पुन्हा पुन्हा हवं असतं, तशी तिला त्याच्या पडण्याचीच गोडी लागली. आणि मी पाहत होते ते पाठीकडे. काल मास्तरांनी पाठ म्हटलं होतं, वर्षानुवर्षं मीही पाठच म्हणत आले होते. म्हणून ते दिसायला मला तिच्या इतक्या पडण्यांचा वेळ लागला.

गडी पडला. पडताना वळला, उताणा पडला. जरा थांबला. मग पाठीवरून सरळ उठून बसला नाही, कुणीही धडधाकट पोरगा बसेल तसा. तो डाव्या कुशीवर झाला, कोपर टेकलं, एक गुडघा आणला, दुसरा आणला, आणि हे सगळं होत असताना त्याचा मोकळा हात, म्हणजे दोन फिकट ठिपके, पोटाशी गेला आणि तिथेच राहिला. उभा राहीपर्यंत राहिला. मग टोपी सारखी केली आणि फळीवर पाय ठेवला.

माझ्या अंगावर काटा आला. दंडांपासून मानेपर्यंत, थंडीच्या दिवसांत गार पाण्याचा पहिला तांब्या घ्यावा तसा. पडण्या-उठण्याची चित्रं मी सगळ्यात शेवटी काढली होती. आरशाशिवाय, घरी, पलंगावर मांडीत पाटी घेऊन, कारण तोवर फार वेळ उभं राहवत नव्हतं. दवाखान्यातली एक बाई आठवड्यातून एकदा सगळ्या गरोदर बायकांना एका मोठ्या खोलीत चटयांवर झोपवून शिकवायची: कधीही झटकन उठायचं नाही, आधी डावीकडे वळायचं, मग कोपर, मग गुडघा, आणि पोटाला खालून हात द्यायचा. "त्याला कळू दे की आपण उठतोय," असं म्हणायची ती. आम्ही सगळ्या कासवांसारख्या वळायचो आणि एकमेकींकडे बघून हसायचो. ते मी शिकले, अंगात मुरवलं, आणि माझ्या अंगाने ते गड्याला शिकवलं, मला न विचारता. इतकी वर्षं तो पडत होता आणि कळू देऊन उठत होता. किती हातांत, किती वेळा. ज्याला कळू द्यायचं ते कुणी उरलं नव्हतं, तरी रोज, प्रत्येक पडण्यानंतर, तो आपला आधी डावीकडे वळायचा. मला वाटलं, मी ह्या खोलीत बसलेय ती फार लहान जागा आहे आणि त्या नखाएवढ्या पडद्यात फार मोठी जागा आहे, आणि तिथे कुणीतरी अजून जपलं जातंय.

"आई, माझं बघ," भिंगरी म्हणाली. कन्सोल उशीवर टाकून ती पलंगावरून जमिनीवर लोळली, धप् असं तोंडाने म्हणत, आणि डोळे मिटून पडून राहिली. "आता मी गडी." मग ती डावीकडे वळली. कोपर टेकलं. एक गुडघा, दुसरा गुडघा. आणि एक हात, जॅमने चिकट झालेला, फ्रॉकच्या बटणांवरून खाली पोटाशी. खोटं खोटं नव्हे. अगदी मन लावून, कपाळाला आठ्या घालून, जसं काही आत खरंच काही आहे. उठली आणि नसलेली टोपी सारखी केली.

"जमलं?"

"जमलं," मी म्हटलं. माझा आवाज भोंग्यासारखा झाला होता.

संध्याकाळी नवरा आला. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याच्या सदऱ्याला तेलाचा वास असतो आणि कुठल्याही इमारतीत शिरला की आधी मान वर करून दोर कुठून गेलाय ते बघतो. भिंगरीने दारातच त्याच्या हातात कन्सोल दिला. तो बूट न काढताच पायपुसण्यावर उभा राहून खेळू लागला.

"बाबा, तुम्हाला येत नाही."

"येतं, येतं. मी ह्याच्या चाचणीला होतो. तुझ्या आईने फुकटात राबवलंय मला."

"मग पडला कसा?"

"रस्ता वाईट आहे."

मी पाणी दिलं. तो गड्याला एका जागी उभा करून पाहत होता. "गंमत आहे," तो म्हणाला, "समोर भार असल्याशिवाय कुणी असा मागे रेलत नाही. लिफ्टचंही तसंच असतं, इकडे जेवढं टांगलंय तेवढं तिकडे..." आणि मग तो थांबला. पाण्याचा ग्लास त्याने घेतला नाही. भिंगरी त्याच्या बुटाची नाडी सोडवत होती. मी त्याला मास्तरांचा फोन सांगितला. उठण्याचं सांगितलं. भिंगरी हाताशी असताना जेवढं आणि ज्या शब्दांत सांगता येतं तेवढंच सांगितलं, पण तो समजला. त्याने गड्याला मुद्दाम पाडलं. उठताना पाहिलं. पुन्हा पाडलं.

"पाठ करून टाक सरळ," तो म्हणाला. "दुसऱ्याचं काम आहे, दुसऱ्याचे पैसे आहेत. मला चालेल."

"चालेल?"

"म्हणजे चालणार नाही. पण ते काही कारण नाही ना."

आम्ही दोघं ह्यावर कधी बोललो असू तर ते इतकंच. तो मग आत गेला आणि त्याने हात धुतले, खूप वेळ, कोपरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंगरी झोपलीच नाही. मुलांना कसं कळतं कोण जाणे, की आज हिला माझी झोप हवी आहे. तिला रंगखडू दिले, बिस्किटं दिली, शेवटी टेबलाखाली चादर टांगून घर करून दिलं, आणि त्या घराच्या छपरावर मी लॅपटॉप उघडला. मास्तरांनी पाठवलेल्या फायलींत गडी मोठा झालेला होता, पण कच्चा, नुसता वाढवलेला, प्रत्येक ठिपक्याची वीट झालेली. त्याच्यावरून नवी रेघ मलाच काढायची होती. मी खऱ्या माणसांच्या चित्रफिती लावून पाहिल्या. खरोखर कुणीच तसं उभं राहत नव्हतं. ती पोरं पुढे झुकलेली होती, हलकी, पायांच्या चवड्यांवर, मागे काही नसल्यासारखी. मी पेन उचललं. पाठीची रेघ काढायला किती वेळ लागतो. एक श्वास. पहिली काढली ती पुसली. दुसरी काढली आणि ती बरोबर होती, आणि ती बरोबर आहे हे पाहून मला जे वाटलं त्याची मला अपेक्षा नव्हती. गडी तरुण दिसत होता. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं होतं. मी त्याला उतारावर सोडलं आणि तो असा गेला की मी खुर्चीत मागे सरकले. इतका वेग त्याच्यात होता हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं तो बिचारा हळू येत होता, सांभाळून, माझ्यासाठी.

मग उठण्याची चौकट आली आणि माझा हात थांबला. छोट्या पडद्यावर हात म्हणजे दोन ठिपके होते. ते पोटाशी गेले काय, खिशाशी गेले काय, ज्याला जे दिसायचं ते दिसावं. आता हाताला बोटं काढायची होती. पाच बोटं काढायची म्हणजे तो हात काय करतोय ते ठरवावं लागणार होतं. माती झटकतोय. लागलंय म्हणून दाबतोय. काहीही चाललं असतं, कुणी विचारणार नव्हतं. मी मास्तरांना फोन लावला.

"पाठ झाली," मी म्हटलं.

"बरं झालं."

"उठणं राहू द्यायचं का?"

"उठण्याबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही."

"आणि तुम्ही?"

मास्तरांच्या घरी कुठेतरी नळ वाहत होता. "मी तर पाठीबद्दलही त्या वेळी काही म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आणि नंतर, तू आलीस तेव्हा, वाटलं की आता त्याला हात लावणारा मी कोण. आता लावायची वेळ आली, तर दुसऱ्या कुणाचा लागू नये एवढंच माझ्या मनात होतं. तुला त्रास झाला असेल तर..."

"नाही," मी म्हटलं. "त्रास नाही झाला." खरंच नव्हता झाला. जे झालं होतं त्याला माझ्याकडे शब्द नव्हता, अजूनही नाही.

"मग तुझं तू बघ," मास्तर म्हणाले, वर्गातून बाहेर जाताना म्हणावं तसं.

मी हात काढला. ह्या वेळी कळून काढला. खाली तळवा, बोटं एकमेकांना लागलेली, किंचित वाकवलेली, खालून आधार देतात तशी, फार घट्ट नाही. अंगठा वर, मोकळा. नख काढलं. मनगटाची रेघ काढली. आरसा नव्हता, म्हणून मी माझा डावा हात स्वतःच्या पोटाशी धरला आणि उजव्याने काढत गेले, आणि मला वाटत राहिलं की हात बरोबर आहे, वजन बरोबर आहे, त्या वजनाची ऊब तळव्याला अजून आठवते आहे, एखाद्या गाण्याची चाल बोटांना आठवावी तशी. सगळ्या चौकटी एकामागोमाग लावल्या आणि गड्याला पाडलं. सरळ पाठीचा, हलका, वेगाचा तो पोरगा आपटला, थांबला. मग डावीकडे वळला. कोपर, गुडघा, दुसरा गुडघा, आणि हात. आणि उभा राहिला, आणि हात सोडून सुसाट निघून गेला. मी पाहत राहिले. पुन्हा पाडला. मला वाटतं मी श्वास घ्यायचंही विसरले होते, कारण चादरीच्या घरातून डोकं कधी बाहेर आलं आणि माझ्या कोपराखालून कधी आत घुसलं ते मला कळलं नाही. तिच्या केसांना खडूचा वास येत होता.

भिंगरीने नव्या गड्याकडे नीट पाहिलं. तो मोठा झाल्याचं तिला काही विशेष वाटलं नाही. तिने बोटाने बटण दाबून त्याला पाडलं, उठू दिलं, पुन्हा पाडलं. मग पडद्यावरच्या त्या हातावर आपलं बोट ठेवलं, बोटाखाली काही हलतंय का बघावं तसं, आणि माझ्याकडे मान वर करून विचारलं,

"आई, उठताना तो कुणाला धरतो?"